शाळेची पाणंद आणि माझा लेप्टो

लेप्टोतून, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापातून, उठलेल्या माणसाने काय लिहायचं असतं ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे आभार मानायचे, देवाचे मानायचे आणि शेवटी म्हणायचं की या आजाराने मला जगायला शिकवलं. डॉक्टरांचे आभार मी मनापासून मानते. बाकीचं मला जमणार नाही. मी बरी झाले त्यात औषधांचा वाटा मोठा आणि उरलेला रागाचा. बावीस दिवस खाटेवर पडून विजूला काय काय शिक्षा द्यायच्या याची मी उजळणी करत होते, आणि खरं सांगते, वेळ चांगला गेला.

तरी कुणाच्या उपयोगी पडेल ते आधी सांगून टाकते. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल आणि ताप येऊन पोटऱ्या ठणकायला लागल्या तर दुकानातली गोळी घेऊन पडून राहू नका. मी तीन दिवस पडून राहिले होते. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगा की मी पाण्यातून चालले.

आता विजूकडे वळते.

वाट

आमचं गाव मिठबावच्या बाजूला, किनाऱ्याला धरून. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आमच्या वाडीपासून शाळेच्या माळापर्यंत एक पाणंद होती. एक सायकल आणि तिच्या बाजूने एक मूल चालेल एवढी रुंद, वर आंब्या-काजूची सावली, दहा मिनिटांची वाट. पहिलीपासून दहावीपर्यंतची शाळा एकाच माळावर आहे, त्यामुळे आमची मुलं आणि समुद्राकडच्या खालच्या वाडीतली मुलं याच वाटेने जायची. माझी मुलगी गार्गी पाचवीत गेली तेव्हा तिच्या मामाने तिला वापरलेली सायकल पाठवली होती. पाणंदीत ती सायकल शिकली. पडली तरी मातीत पडायची.

विजू हा माझा नवरा संतोष याचा चुलत भाऊ. मुंबईहून परत आला आणि पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधल्या. सकाळी मुलांच्या कलकलाटाने पाहुण्यांची झोप मोडते म्हणून मे महिन्यात त्याने पाणंदीवर आडवा चिऱ्यांचा गडगा घातला. छाताडापर्यंत उंच, दोन्ही टोकं कुंपणात घुसवलेली. आमच्याकडे जमिनी सामायिक असतात. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत. विजूने भावकीच्या सह्या घेतल्या होत्या, म्हणजे कागद त्याच्या बाजूचा होता. मी ग्रामपंचायतीत गेले तर म्हणाले, हा तुमच्या भावकीचा प्रश्न, आपसात मिटवा. संतोषला विचारलं, कोणी कोणी सह्या केल्या? तो म्हणाला, "माका काय म्हायत."

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मुलं मोठ्या रस्त्याला लागली. कुणकेश्वरला जाणाऱ्या गाड्यांचा तो रस्ता. त्याला बाजूपट्टी नाही, डांबर संपलं की गटार. पूर्वी पावसाचं पाणी पाणंदीतून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, जायचं. गडग्याने तेही अडवलं आणि ते बरोबर वळणावर, रस्त्याच्या कडेला साठलं. म्हणजे मुलांनी एकतर डांबरावर गाड्यांच्या पुढ्यात चालायचं, नाहीतर पोटरीभर पाण्यातून.

ज्यांच्या दारात स्कूटर होती त्यांची मुलं स्कूटरवरून गेली. विजूची मुलगी लांबच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जायची, तिचा प्रश्नच नव्हता. राहिली अकरा मुलं, सगळी स्कूटर नसलेल्या घरांतली. सायकली आधी मुलींच्या बंद झाल्या. मुलग्यांना घरचे सांगतात, सांभाळून जा रे. मुलींना सांगतात, नको गो जाऊस. गार्गीची सायकल पडवीत उभी राहिली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळायला पडू लागले. एकदा मी टॉवेल काढायला गेले तर ती सायकलवर बसून जागच्या जागी पेडल उलटे फिरवत होती.

दुसऱ्या दिवसापासून अकरा मुलांना मी न्यायला लागले. मी डांबराच्या बाजूने, मुलं आतल्या बाजूने, पाण्यातून. सगळ्यात धाकटी रुचिता, खालच्या वाडीतली, पहिलीतली. तिला वळणापुरती मी कडेवर घ्यायचे.

आठवड्याभराने एक गाडी अगदी अंगावर आली. मी रुचिताला घेऊन गटारात उतरले आणि पायात काच घुसली. बाटलीची काच. विजूच्याच पाहुण्यांची बाटली असणार असं मी म्हणते, पुरावा नाही. फडकं बांधलं आणि संध्याकाळी मुलांना परत आणायला त्याच पाण्यातून गेले.

नारळ

आमच्याकडे माणसाकडून न्याय मिळाला नाही की देवीसमोर नारळ ठेवतात. कोणी काय वाईट केलं ते सांगायचं आणि बघून घे म्हणायचं. ज्याच्यावर ठेवला त्याच्या कानावर ते गावातूनच जातं आणि मग त्याला झोप लागत नाही. नारळाचं अर्धं काम तिथेच होतं.

मी देवळात गेले. आमचे गुरव, दत्ताराम काका, म्हणाले, "भावकीतलो माणूस गो तो. माका ह्याच्यात घालू नको."

"मगे मी घालतंय गाऱ्हाणा."

"नाव घेव नको पण. भावकीतल्याचा नाव घेवन नारळ ठेवूचो नाय, आपल्याच घरात येता."

एवढं मी पाळलं. नाव घेतलं नाही. पायाचं फडकं ओलं होतं, फरशीवर डाग पडला तो मी पदराने पुसला आणि म्हटलं, "बाय माझे, पोरांची वाट जेनी बंद केली आणि जेनी जेनी तेका हातभार लावलो, तेंच्या घरातला माणूस हातरुणाक लागांदे."

नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ताप

काच लागल्यापासून आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पोटऱ्या अशा दुखत होत्या की सासूबाईंनी नुसती चादर टाकली तरी मी ओरडले. तापाच्या तिसऱ्या दिवशी डोळे लाल, मग पिवळे. चौथ्या दिवशी मला कळलं की काल सकाळपासून मला लघवीच झालेली नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिने पोटरी दाबली, पायाची जखम बघितली आणि विचारलं, "शेतात उतरला होतात? लावणीला?"

"नाही."

"मग पाण्यात कुठे गेलात?"

"शाळेत."

तिला वाटलं मी तापात बडबडते आहे. मी सगळं सांगितलं, गडग्यापासून. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी तपासणीचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, "लेप्टो आहे. किडनीवर गेलाय. डायलिसिस करावं लागेल. घाबरू नका, वेळेवर आलात." वेळेवर आले नव्हते ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण माणसाने खोटं बोलावं तर असं बोलावं.

मला पहिला विचार आला तो गार्गीचा नाही, याची मला अजून लाज वाटते. पहिला विचार आला की विजूला कळलं तर तो काय म्हणेल. दुसरा विचार गार्गीचा आला, आणि तो मग बावीस दिवस गेला नाही. उद्या साडेनऊला ती त्या वळणावर असणार आणि डांबराच्या बाजूला कोणीच नसणार.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "नारळ उलटलो गो," म्हणाल्या. "सांगलेला तुका, भावकीर ठेवू नको."

वॉर्ड

डायलिसिस दुखत नाही, हे भीती वाटणाऱ्यांसाठी लिहिते. मानेत नळी घालतात तेव्हा दुखतं. नंतर मशीन घरघरत राहतं, थंडी वाजते, आपण वरचा पंखा बघत राहायचं. पहिल्या वेळी मी देवाचं नाव घेत होते. दुसऱ्या वेळी विजूचं.

सगळ्यात वाईट तहान. दिवसाचं पाणी मोजून देतात, एका बाटलीत. ती बाटली डोळ्यासमोर असते आणि बाहेर जुलैचा पाऊस पन्हळीतून ओततो. मी ओला कापूस ओठावर फिरवायचे. बाजूच्या खाटेवरची आजी म्हणायची, "माजा बी घे वायच," आणि तिचंही मोजलेलंच असायचं. सकाळी बिनमिठाची पेज. बिनमिठाची पेज माणसाने एकदा तरी खाऊन बघावी, मग घरी नवऱ्यासमोर ताट सरकवून "अळणी झालीहा" ऐकताना काय वाटतं ते कळेल.

तिथे एक आया होती, आरोंद्याकडची. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. काम संपलं की ती खाटेवर बसायची आणि एकेक बट सोडवायची, अर्धा अर्धा तास. कोणी सांगितलं नव्हतं. दोन वेण्या घातल्या आणि म्हणाली, "आता शाळेत जा." मी इतकी रडले की तिला वाटलं केस ओढले गेले.

सकाळी सिस्टर लघवी मोजायला यायच्या. नऊ दिवस मोजण्यासारखं काही नव्हतं. दहाव्या दिवशी अर्धी वाटी झाली. सिस्टरने भांडं वर धरून अख्ख्या वॉर्डला दाखवलं. आजीने हात जोडले. लग्नातसुद्धा माझं इतक्या लोकांनी कौतुक केलं नव्हतं.

सही

त्याच दिवशी दुपारी संतोष आला. त्याला मी अर्धी वाटी सांगितली. तो हसला नाही. स्टूलवर बसला आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

"गार्गी शाळेक जाता?" मी विचारलं.

"जाता."

"कोणावांगडा?"

"पोरां पोरां जातत. चार-पाच येयनासी झाली. बाकीची जातत."

"तुमी काय करतास?" पावसाळ्यात त्याला काम नसतं. तो लोकांच्या आंब्याच्या कलमांवर फवारणी करतो, ते काम थंडीतलं.

त्याने स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाला, "तुका सांगूचा आसा. त्या कागदार माझी पण सही आसा."

"खंयच्या कागदार?"

"विजूच्या. गडग्याच्या. मे म्हयन्यात."

"वाचलात?"

"वाचलंय."

"मगे?"

"सगळ्यांनी केल्यानी. भावकीत वाकडां कशाक, म्हटलंय." मग तो रडायला लागला. "सही माझी, न् भोगतंस तू. नारळ माझ्याच घरात इलो."

मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली आहे. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पाण्यातून जखमेत शिरतो, हे मला त्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. पण त्या दुपारी मला वाटलं की देवीने माझं नीट ऐकलं. हातभार लावणाऱ्याच्या घरातलं माणूस मागितलं होतं, तिने दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाची कुणाकडे करायची. विजूवर मी रागावले होते, पण विजू तो विजूच. माझ्या बाजूला झोपणारा माणूस काच लागल्यापासून माझ्या पायाला तेल लावत होता, फडकं बदलत होता आणि सही केली हे दोन महिने गिळून बसला होता. विजूपेक्षा जास्त राग मला त्या तेलाचा आला.

"उद्यापास्ना पोरांक तुमी न्हेवा," मी म्हटलं. "डांबराच्या बाजून तुमी. रुचिताक कडेर घेवा." आणि भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो रोज सकाळी मुलांना शाळेत सोडून मग बसने दवाखान्यात यायचा, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी बघायचे की ओली आहे, आणि डोळे मिटायचे.

शहाळी

बाविसाव्या दिवशी घरी आले. पडवीतून न्हाणीघरापर्यंत जायला मला दोनदा बसावं लागत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खरं. पडवीतल्या खुर्चीवरून रस्त्याचं वळण दिसतं, तिथे मी खुर्ची लावून घेतली.

आठवड्याने विजू आला. कंबर धरून, वाकून चालत. हातात चार शहाळी.

"वयनी, बरां वाटता मा? शहाळी हाडलंय. ताकद येतली."

"माका शहाळा चलत नाय, भावजी. किडनीक वायट. एक प्यायलंय तरी परत मशीनीर न्हेतले."

त्याने शहाळी खाली ठेवली, परत उचलली, शेवटी स्वतःच्या मागे लपवली. मग मुद्द्यावर आला. त्याची कंबर तीन आठवडे धरली होती. माझ्या मते मोटारसायकल खड्ड्यातून हाकून धरली, पण त्याने कंबरेचा आणि नारळाचा संबंध लावला होता आणि मला तो तोडायचा नव्हता. शिवाय चतुर्थी जवळ आली होती. आमच्या सगळ्या घरांचा गणपती एक. मध्ये नारळ असताना एका पंगतीला बसायचं कसं, असं भावकीतले मुंबईहून फोनवर विचारायला लागले होते.

"तो नारळ उचलूया, वयनी. तुमी हात लावा, मी लावतंय." नारळ असाच उचलायचा असतो, ठेवणाऱ्याने आणि ज्याच्यावर ठेवला त्याने, दोघांनी हात लावून.

हॉस्पिटलात मी सतरा शिक्षा ठरवल्या होत्या. त्याला खाटेला बांधून बिनमिठाची पेज भरवायची, इथपासून. त्याच्या मुलीलाही त्या रस्त्याने चालायला लावावं असंही मनात आलं होतं. ते नाही बोलले, आणि चांगुलपणा म्हणून नाही. वळणावर एक मूल वाढलं की रांग लांब होते.

"उचलूया," मी म्हटलं. "पण आदी आठ दिवस पोरांवांगडा शाळेक चलत जावा. रस्त्यान. सकाळी साडेनवाक आणि सांजचे परत. डांबराच्या बाजून तुमी. संतोष मागे, तुमी पुढे."

"ह्या कमरेन?"

"मी काच घुसलेल्या पायान जाय होतंय."

तो गेल्यावर सासूबाई आतून आल्या. खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "गो," म्हणाल्या, "नारळ थंय नाय आसा."

"खंय गेलो?"

"तुका दवाखान्यात न्हेल्यानी त्याच दिवशी मी उचलून हाडलंय. एकटीनच. भियालंय मी."

"न् काय केलात तेचा?"

त्या पदर चाचपत राहिल्या. "घरात कोणाक जेवाण जाय नाय. सोलकढी केलंय."

आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले. नळीची जागा दुखेपर्यंत हसले. विजूवर ठेवलेल्या नारळाची कढी माझ्या नवऱ्याने भुरके मारून प्यायली होती. "विजूक सांगू नुको," सासूबाई म्हणाल्या. हे सांगायची गरज नव्हती. आता छापून आल्यावर त्याला कळेल. कळू दे, त्याची सोय मी केली आहे, पुढे सांगते.

आठ दिवस

पहिल्या दिवशी विजू पांढरी पँट घालून आला. दुसऱ्या दिवशी अर्धी चड्डी घालून. मी खुर्चीत बसून रांग वळणावर जाईपर्यंत बघायचे. गाड्या हॉर्न मारत जवळून जायच्या, तो दचकून गटारात एक पाय टाकायचा, आणि मला बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं. भूक लागायची.

दुसऱ्या संध्याकाळी तो तडजोड घेऊन आला. "गडग्यात एक बारकी वाट ठेवतंय. आपल्या भावकीची पोरां जावंदेत."

"आणि खालच्या वाडीची?"

"ती आपली खंय?"

"मगे तुमी चला," मी म्हटलं. "अजून सा दिवस रवलेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जोरात होता. वळणावर एक पांढरी गाडी आली, बाहेरगावच्या नंबरची, चालवणारा मान वळवून पाट्या वाचत होता. विजूच्याच घराची पाटी शोधत होता, हे नंतर कळलं. मी हे रचलेलं नाही, गार्गी साक्षीला आहे. गाडी कडेला आली, पुढे असलेला विजू बाजूला झाला आणि पावसाने भरलेल्या गटारात कंबरेपर्यंत गेला. मी हसायला तोंड उघडलं. मग दिसलं की त्याने रुचिताचा हात धरला होता, आणि आता रुचिता दिसत नव्हती.

मी उठले. दोन पावलं गेले आणि पडवीच्या कठड्याला धरून बसले, पाय पुढे जाईनात. किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसेल. विजूने पाण्यातून हात वर काढले आणि त्या हातांत रुचिता होती, दप्तरासकट. संतोषने तिला घेतली. ती खोकत होती. गार्गी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली होती, मागच्या गाड्या अडवत. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

विजू तसाच, चिखलाने माखलेला, एका पायात चप्पल नसलेला, माझ्या दारातल्या खळ्यात आला. "वयनी," म्हणाला, "माझो हात सुटलो असतो तर?"

मी त्याला पुष्कळ बोलू शकले असते. बावीस दिवसांची तयारी होती. मी एवढंच म्हटलं, "म्हणान सांगी होतंय." तो पायरीवर बसला. सासूबाईंनी त्याला टॉवेल दिला, गार्गीच्या सायकलवरचा.

हँडल

दुसऱ्या दिवशी चिरे फोडायचा आवाज आला. दुपारी विजूने बोलावणं पाठवलं की वाट झाली. मला चालवत नव्हतं, मी सायकल पाठवली. गार्गी पाच मिनिटांत परत आली. "हँडल अडकता."

"तेंका सांग, अडकता."

संध्याकाळपर्यंत हँडल जायला लागलं. मग मी सांगून पाठवलं, सायकल आणि तिच्या बाजूने एक मूल, पूर्वी जात होतं तसं. तिसऱ्या दिवशी तेवढी वाट झाली, खालून पाणी जायला मोरी झाली आणि वळणावरचं पाणी दोन तासांत व्हाळाला गेलं. इतकी वर्षं ते मुकाट जात होतं, कोणी बघितलंही नव्हतं. खालच्या वाडीची मुलं पहिल्या दिवशी वाटेच्या तोंडाशी थांबली. विजू तिथे उभा होता ना. शेवटी तोच म्हणाला, "जावा रे." आठ दिवसांची अट मी मात्र सोडली नाही. उरलेले दिवस तो पाणंदीतून चालला.

संतोष अजून सकाळी मुलांबरोबर जातो. मी जा म्हटलेलं नाही आणि थांबा असंही म्हटलेलं नाही. बोलते त्याच्याशी, घर चालायला लागतं तेवढं. लोक म्हणतात, आजारातून उठल्यावर माणूस मऊ होतो. माझा तसा अनुभव नाही. पायाला तेल मी स्वतः लावते.

चालता यायला लागल्यावर पहिली मी देवळात गेले. नवा नारळ घेऊन, सोलकढी झालेल्याच्या जागी ठेवायला. दत्ताराम काका बघतच राहिले. या वेळी मी नावं घेतली. "बाय माझे, ती वाट परत बंद झाली तर विजूक बघ आणि संतोषाक बघ. आणि मी गप रवलंय तर माका बघ." काकांनी कानावर हात ठेवले होते, पण सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं होतं.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी विजू पाणंदीत भेटला. कंबर सरळ झाली होती. मी काठी टेकत आले होते, माझी मी, गडगा फोडल्यापासून पहिल्यांदाच. मुलं पुढे चालली होती, त्यांच्या मागून गार्गी सायकलवर, घंटी वाजवत, गरज नसताना.

"वयनी," विजू म्हणाला, "गडगो फोडलंय. मोरी केलंय. आठ दिवस चललंय. आता तरी उचलूया."

"पंगतीक येतंय मी उद्या," मी म्हटलं. "वाढूक पण येतंय."

"न् नारळ?"

सगळ्यांच्या मागे रुचिता होती, दप्तर पाठीवरून घसरत, काजूच्या पानावरचं पाणी झटकत.

"ती कितवीत आसा?" मी विचारलं.

"पयलीत."

"ती धाव्वी पास झाली काय उचलूया."

तो बोटांवर मोजायला लागला. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. "धा वर्सां, वयनी?"

"नापास झाली तर अकरा," मी म्हटलं.